बोर्डोच्या बादलीतला हिशेब

आपला सोलापूर जिल्हा डाळिंबाचा. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांत डाळिंबाच्या बागा आहेत, आणि सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आहे. बाग म्हटली की फवारणी आली, आणि फवारणीत मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण आलेच. अनेक घरांत हे मिश्रण कालवण्याचे काम बायकांकडे असते. पण त्यात चुना नेमका किती घालायचा, हे बहुतेक वेळा अंदाजावर चालते. अंदाज चुकला तर पाने करपतात, कोवळ्या फळावर डाग पडतात आणि वर्षाची मेहनत जाते. म्हणून आज आपण या बादलीतला हिशेब समजून घेऊ. रसायनशास्त्रातले दोन मोठे नियम याच बादलीत सापडतात.

आधी थोडी जुनी गोष्ट. फ्रान्समध्ये बोर्डो नावाचा द्राक्षांचा भाग आहे. तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारत. हेतू एवढाच, की निळसर डाग पाहून येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षे तोडू नयेत. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आले की केवडा रोगाने बाकीचे वेल झडले, पण रस्त्याकडेचे हिरवे राहिले. त्यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये हे औषध जगापुढे मांडले. म्हणून त्याचे नाव बोर्डो.

आता पहिला नियम. कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो फसफसतो, तापतो आणि त्याची पांढरी भुकटी होते. ५६० ग्रॅम शुद्ध कळीचा चुना १८० ग्रॅम पाणी धरून ठेवतो आणि ७४० ग्रॅम विरलेला चुना तयार होतो. वाढलेले वजन कुठून आले? पाण्यातून. पदार्थाचे रूप बदलते, पण एकूण वजन तेवढेच राहते. याला द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतात. फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी तो अठराव्या शतकात तराजू वापरून दाखवला. त्यांची पत्नी मारी-आन प्रयोगांच्या नोंदी ठेवत असे, आणि १७८९ च्या त्यांच्या ग्रंथातील उपकरणांची चित्रेही तिनेच काढली.

दुसरा नियम स्थिर प्रमाणाचा. मोरचूद बार्शीच्या दुकानातून आणा की सांगोल्याच्या, शुद्ध असेल तर त्याच्या १ किलो निळ्या खड्यांत सुमारे २५० ग्रॅम तांबे असते आणि सुमारे ३६० ग्रॅम पाणी. हो, त्या कोरड्या दिसणाऱ्या खड्यांत पाणी असते. खडे तापवले की पाणी उडते आणि निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते. एका संयुगात घटकांचे वजनाचे प्रमाण ठरलेले असते, हे जोसेफ प्रूस्ट यांनी १७९९ मध्ये तांब्याच्याच एका संयुगावर दाखवले.

असे का होते? कारण पदार्थ अणू-रेणूंचे बनलेले असतात आणि ते ठरलेल्या संख्येनेच एकमेकांशी जोडले जातात. समजा, आपल्या गटाला जेवणाचे डबे भरायचे आहेत. एका डब्यात ४ कडक भाकरी आणि शेंगाचटणीची १ पुडी. भाकरी ४० आहेत आणि पुड्या १५. डबे किती भरतील? दहाच. ५ पुड्या उरतील. भाकरी संपल्या की काम थांबले. रासायनिक क्रियेतही जो पदार्थ आधी संपतो, तोच किती माल तयार होणार हे ठरवतो आणि दुसरा शिल्लक राहतो.

बोर्डोमध्ये मोरचुदाच्या एका रेणूला चुन्याचा एक रेणू लागतो. पण दोघांचे वजन सारखे नसते. मोरचुदाचे २५० भाग धरले तर विरलेल्या चुन्याचे ७४ भाग. म्हणजे १ किलो मोरचुदाला शुद्ध विरलेला चुना ३०० ग्रॅमच्या आसपास पुरतो. कळीचा चुना घेतला तर सुमारे २२५ ग्रॅम.

मग एक टक्का बोर्डोच्या नेहमीच्या कृतीत १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी असे का सांगतात? कारण बाजारातला चुना शुद्ध नसतो. त्यात खडे, माती असते. शिवाय उघड्यावर राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा चुनखडीसारखा होतो आणि कामाला येत नाही. म्हणून जास्त चुना सांगितलेला असतो. चुना ताजा आणि चांगला असेल तर कमीही पुरतो. चुना कमी पडला तर तांबे मोकळे राहते आणि पान जाळते. फारच जास्त झाला तर नोझल तुंबते आणि फळावर पांढरे डाग राहतात.

म्हणून दरवेळी परीक्षा करायची. तयार मिश्रणात लोखंडी विळा किंवा सुरीचे स्वच्छ पाते मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांबे अजून मोकळे आहे. लोखंड पाण्यात उतरते आणि तांबे त्याच्या जागी येऊन बसते. अशा वेळी चुन्याचे थोडे पाणी घालून, ढवळून पुन्हा पाहा. पाते स्वच्छ निघाले की मिश्रण वापरायला हरकत नाही. परीक्षेची ही सुरी पुन्हा स्वयंपाकात वापरू नका.

कालवताना प्लास्टिकची किंवा मातीची भांडी घ्या. लोखंडी, पत्र्याची नकोत. एका भांड्यात मोरचूद विरघळवा, दुसऱ्यात चुना विरवून, थंड करून फडक्याने गाळून घ्या. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळत राहा. मिश्रण त्याच दिवशी वापरा, शिळे झाले की त्याचा गुण जातो. १० लिटरच्या बादलीला मोरचूद १०० ग्रॅम लागते, तेव्हा अंदाजे मूठ टाकण्यापेक्षा किराणा तोलायचा काटा बरा. त्यासाठी पारडे मात्र वेगळे ठेवा.

मोरचूद विषारी आहे आणि कळीचा चुना डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा लावा, तोंडाला फडके बांधा आणि लेकरांना लांब ठेवा. डोळ्यांत उडालेच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत गटात एक विळा, एक काटा आणि एक बादली घेऊन हे करून पाहा. कोणाच्या दुकानाचा चुना किती लागला, हे वहीत लिहून ठेवा. चार जणींच्या नोंदी जुळल्या की चांगला चुना कोणाकडे मिळतो, ते तुम्हालाच कळेल.