कडबा पचवतं कोण?

ज्वारीच्या कडब्यात सगळ्यात जास्त काय असेल, तर सेल्युलोज. ते तोडणारं विकर गाईच्या शरीरात तयारच होत नाही. आपल्याही नाही. तरी कडब्यावर जगून गाय दूध देते, बैल नांगर ओढतो. हे जमतं, कारण पचवण्याचं काम गाय स्वतः करत नाही. ते तिच्या पोटातले सूक्ष्मजीव करतात. गव्हाणीत वैरण टाकणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनावर घ्यायला हवी, कारण जनावराचं जगणं-मरणं तिच्याशी बांधलेलं आहे.

गाईच्या पोटाचे चार कप्पे. त्यातलं पहिलं आणि सर्वांत मोठं ते कोठीपोट, म्हणजे रुमेन. मोठ्या गाईत ते शंभर लिटरच्या वर भरतं आणि डावी कूस जवळजवळ व्यापून टाकतं. आत उबदार अंधार, ऑक्सिजन नावालाच, आणि द्रवाच्या एकेका मिलिलिटरमध्ये अब्जावधी जीवाणू. सोबत आदिजीव आणि बुरशी. बुरशीची ओळख फार उशिरा पटली. तिचे पोहणारे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते, पण ऑक्सिजनशिवाय बुरशी जगूच शकत नाही अशी समजूत असल्याने ते आदिजीवांत मोजले जात. 1975 मध्ये कॉलिन ऑर्पिन या ब्रिटिश संशोधकाने ती बुरशीच आहे हे दाखवून दिलं. तिचे तंतू कडब्याच्या टणक दांड्यात घुसून तो आतून उकलतात.

सूक्ष्मजीव चारा आंबवतात तेव्हा आम्लं तयार होतात: ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. ती कोठीपोटाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतात, आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग त्यांतूनच मिळतो. चाऱ्यातली साखर सूक्ष्मजीवच फस्त करत असल्याने आतड्यापर्यंत ती फारशी पोहोचत नाही. दुधातल्या शर्करेसाठी लागणारं ग्लुकोज गाईचं यकृत मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून घडवतं. याच आंबवण्यात मिथेनही निर्माण होतो आणि ढेकरांवाटे बाहेर पडतो. ढेकर अडली की पोट फुगतं.

आम्ल वाढलं तर सूक्ष्मजीवच मरतील. त्यावरचा उपाय रवंथात आहे. गाय दिवसातले सहा ते आठ तास रवंथ करते, आणि दिवसभरात शंभर लिटरपर्यंत, कधी त्याहून जास्त लाळ गिळते. लाळेतलं बायकार्बोनेट आम्लाला आवर घालतं.

पुढची पायरी मला सर्वांत विलक्षण वाटते. चाऱ्याबरोबर वाहत हे जीवाणू चौथ्या कप्प्यात, खऱ्या जठरात येतात, आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. आपल्या अश्रूंत जीवाणूंचं कवच फोडणारं लायसोझाइम असतं. गाईने तेच जठरात कामाला लावलं आहे. आपल्याकडचं काळ्या तोंडाचं वानरही पानं पोटात आंबवतं. 1987 मध्ये स्टुअर्ट, शिलिंग आणि विल्सन यांनी त्याच्या जठरातलं लायसोझाइम तपासलं, तर त्यात गाईच्या लायसोझाइमसारखेच काही बदल आढळले. दोघांचं नातं दूरचं, पण उत्क्रांतीने दोन्हीकडे सारखाच मार्ग काढला.

आता लग्नसराईतलं एक दुःख. उरलेला भात, पोळ्या, बुंदी मायेने जनावरापुढे ओतली जाते. पिष्ट आणि साखर एकदम मिळाली की दुधाचं आम्ल बनवणारे जीवाणू बेसुमार वाढतात. आम्ल लाळेला आवरेनासं होतं, सेल्युलोज तोडणारे मरू लागतात, कोठीपोटाची हालचाल थंडावते, शरीरातलं पाणी पोटात ओढलं जातं. धट्टीकट्टी गाय एक-दोन दिवसांत दगावू शकते. तेच धान्य आंबोणात थोडं थोडं, दोनेक आठवड्यांत वाढवत नेलं, तर सूक्ष्मजीवांची वस्ती त्याला सरावते. उन्हाळी कडब्यावरून पावसाळी हिरव्या चाऱ्यावर जातानाही तोच धीर धरावा लागतो.

अशी आजारी गाय उपचारांनी सावरली, तरी कोठीपोट ओस पडलेलं असतं. तेव्हा पशुवैद्यक निरोगी जनावराच्या कोठीपोटातला रस काढतात, गाळतात आणि कोमट असतानाच नळीने तिच्या पोटात सोडतात. त्या रसातले जिवंत सूक्ष्मजीव हेच तिथे औषध असतं.