कुंडीतले कोकण

मार्गशीर्ष सरत आला आणि उत्तरेचा वारा सुटला की ग्वाल्हेरच्या काही मराठी घरांत एक निराळीच धांदल सुरू होते. रजया उन्हात पडतात, लोकरीचे कपडे पेटीतून निघतात, हे तर गावभर चालूच असते. पण या घरांत त्याच सुमारास गच्चीवरच्या कुंड्याही जागा बदलतात. चिकूची कुंडी दक्षिणेचे ऊन खाणाऱ्या भिंतीशी सरकते, अननसाची जिन्याखाली येते, केळीच्या बुंध्याला गोणपाट गुंडाळले जाते. शेजारचे हिंदी भाषिक गृहस्थ हे कौतुकाने पाहतात आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : चार फळांसाठी एवढी यातायात कशाला? बाजारात सगळे मिळते. प्रश्न रास्त आहे. मी स्वतः हा उद्योग बरीच वर्षे करीत आलो असल्यामुळे त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्याकडेही येते.

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास गडाच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचे शहर झाले. शहर झाले तरी नाव मात्र लष्करच राहिले. त्या लष्कराबरोबर आणि त्यामागून आलेल्या घराण्यांत देशावरची होती, तशी कोकणातलीही होती. आमचे घर त्यांपैकीच एक. आमच्या वाडवडिलांनी देव्हाऱ्यातले टाक आणले, पंचांग आणले, सोलकढीची आणि फणसाच्या भाजीची कृती आणली. झाडे मात्र आणता येण्यासारखी नव्हती. त्यामुळे दोन शतके आपण आमसुले कोणाच्या तरी येण्याजाण्यावर मागवीत आलो, आणि ती संपली की चिंचेवर भागवीत आलो. वाडे होते तोवर परसात केळ, लिंबू, कुठे एखादा फणस तग धरून असे. आता वाडे पडत आहेत, त्या जागी मजले उठत आहेत, आणि जमिनीच्या नावाने आपल्याकडे उरली आहे ती गच्ची. झाड लावायचे तर कुंडीतच लावायचे, अशी ही स्थिती.

कोकणातल्या झाडाला ग्वाल्हेर का मानवत नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. रत्नागिरीला वर्षाकाठी तीनशे सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नाही. तिथे हवा बारा महिने दमट आणि रात्री उबदार. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि लू सुटते. जानेवारीत तोच पारा एखाद्या रात्री ४-५ अंशांच्याही खाली उतरतो. लोक समजतात की झाड बर्फाने मरते. पाला पडला तर मरतेच. परंतु उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ झाडांना पाणी गोठण्याइतक्या थंडीची गरजच नसते. दहा अंशांच्या खाली हवा काही दिवस राहिली की त्यांची मुळे पाणी ओढण्याचे काम जवळजवळ थांबवतात. वर दुपारचे स्वच्छ ऊन पानांतले पाणी उडवीत असते, खालून पुरवठा होत नाही. पाने माना टाकतात. घरातले माणूस कळवळून आणखी पाणी घालते, आणि गार चिखलात झोपलेली मुळे कुजू लागतात. हिवाळ्यात मेलेली कुंडीतली बहुतेक झाडे तहानेने मेलेली दिसतात. खरी गेलेली असतात ती पाण्यामुळे.

जमिनीत हातभर खाली तपमान फारसे हलत नाही. कुंडीला ते भाग्य नाही. तिची माती चारही बाजूंनी हवेच्या तावडीत असते. थंडीत ती रात्रभर निवत जाते. उन्हाळ्यात काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू इतकी तापते की तिला टेकलेली मुळे अक्षरशः शिजतात. कुंडीचे हे दोष झाले. पण तिचे दोन गुण असे आहेत की त्यांपुढे हे दोष पत्करावेत. एक, तिच्यातली माती आपल्या हातात असते. आणि दुसरा, ती उचलता येते.

ही युक्ती आपण शोधलेली नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात माँसार या वास्तुशिल्पज्ञाने नारिंगांच्या झाडांसाठी एक प्रचंड दालन बांधले. लाकडी पेट्यांत लावलेली हजारावर झाडे तिथे हिवाळ्यात आत नेतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी बाहेर काढतात. त्या पेट्यांच्या बाजू उघडता येतात, म्हणजे झाड न उपटता मुळे छाटून नवी माती भरता येते. आपल्यापाशी ना ते दालन, ना ते माळी. परंतु तत्त्व तेच : ऋतू बदलता येत नसेल तर झाडाची जागा बदलावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. अठरा इंची कुंडी ओली भरली की सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जाते. तेव्हा ती पहिल्या दिवसापासूनच चाके लावलेल्या लोखंडी चौकटीवर ठेवावी. जुन्या घरांची छते दगडी पटियांची असतात. अशा छतावर मोठ्या कुंड्या मधोमध न ठेवता भिंतींच्या माथ्यावर, कडेने ठेवाव्यात. कुंडी मातीची उत्तम, कारण ती पाझरते आणि त्यामुळे उन्हाळ्यात गार राहते. प्लास्टिकचीच असेल तर ती एका मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधल्या फटीत वाळू भरावी आणि वैशाखात ती वाळू ओली ठेवावी. मुळांना त्या दिवसांत याहून स्वस्त सावली नाही.

कोकणातली जांभ्या दगडाची माती आंबट, आणि आपल्या भागातली बहुतेक माती खारट वळणाची. त्यात आपले बोअरचे पाणी जड. हे पाणी दोन वर्षे घातले की कुंडीत क्षार साचतात, पानांच्या कडा करपतात, आणि कोवळे पान पिवळे पडून त्यावर हिरव्या शिरांची जाळी तेवढी उरते. हे लोहाच्या उपासमारीचे लक्षण आहे. लोह मातीत असते, पण अशा मातीतून झाडाला ते उचलता येत नाही. म्हणून नुसती शेतातली माती न भरता पालापाचोळ्याचे कुजलेले खत, जाड वाळू, शेणखत आणि तळाला विटांचे तुकडे असा भरणा करावा. पावसाचे पाणी पिंपात धरून ठेवावे, आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतके पाणी देऊन क्षार धुऊन काढावेत. दर दोन-तीन वर्षांनी आषाढात गोळा बाहेर काढून कडेने गोल फिरलेली मुळे बोटभर छाटावीत. दसऱ्यानंतर खत बंद. कोवळी पालवी थंडीला आधी बळी पडते. तेव्हा ती थंडीच्या तोंडी फुटूच न देणे बरे. पौष-माघात पाणी थोडे, तेही सकाळी ऊन वर आल्यावर, आणि शक्यतो बोअरचे नुकतेच काढलेले, कारण ते त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला अशी रात्र सर्वांत घातक. त्या रात्री काठ्या रोवून त्यांवर जुने धोतर किंवा चादर टाकावी, पानांना टेकू देऊ नये, आणि सकाळी काढून घ्यावी.

कोणती झाडे लावावीत? ज्यांचा हात अजून बसलेला नाही त्यांनी अननसापासून आरंभ करावा. बाजारातल्या फळाचा शेंडा दोन दिवस सुकवून लावला की तो मुळे धरतो. दीड-दोन वर्षांनी झाड भरले, तरी फूल येत नसेल तर एक पिकलेले सफरचंद कुंडीत ठेवून सगळ्यावर पिशवी झाकावी. पिकत्या फळातून जो वायू निघतो त्याने अननसाला फुलण्याची सूचना मिळते. यानंतर बुटकी बसराई केळ. थंडीने तिची पाने काळवंडतात, पण कंद शाबूत असला तर फाल्गुनात पुन्हा पोगा निघतो. घड लहान आला तरी नैवेद्याला पान घरचे मिळते. आंब्यात दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने काढलेली आम्रपाली कुंडीत समाधानाने राहते. हापूसची ओढ असणाऱ्यांनी कोकण कृषी विद्यापीठाची नीलम आणि हापूस यांच्या संकराची रत्ना लावून पाहावी.

चिकूची गोष्ट मला विशेष प्रिय आहे. हे झाड मुळात मेक्सिकोकडचे. आपल्याकडे त्याचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. खिरणी म्हणजे मध्य भारताच्या रानांतले, उन्हाळ्यात पिवळी गोड फळे देणारे चिवट झाड. वरचा चिकू परदेशचा आणि खालचे मूळ इथल्या मातीतले. पण फळ चिकूचेच लागते. सात पिढ्या इथे काढलेल्या आपल्यासारख्यांना या कलमाकडे पाहून काय वाटते, ते मी निराळे लिहायला नको.

नारळाची हौस करू नये. नारळातल्या खोबऱ्यावर रोप वर्षभर डौलाने वाढते, आणि ती शिदोरी संपून थंडी आली की जाते. कोकम मात्र मी सोडलेले नाही. बी पेरून वाढवलेल्या रातांब्यात अर्धी झाडे नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षे लागतात, म्हणून मादी झाडाचे कलमच आणावे लागते. माझे कलम सहा वर्षांचे असून कमरेइतके झाले आहे. त्याला फळ आलेले नाही, आणि येईल असे मी कोणाला सांगत नाही. दरवर्षी तांबडी पालवी येते, एवढेच.

इथे शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे यायला हवे. बाजारात फळ मिळते हे खरे. पण फळाबरोबर त्याचे शब्द मिळत नाहीत. आपल्या भाजीबाजारात फणस कटहल या नावाने येतो, कोवळा आणि चिरलेला, मसाल्याच्या भाजीसाठी. त्यात गरा नसतो. मग कापा कोणता आणि बरका कोणता हा वाद नसतो, आठळी भाजणे नसते, चारखंड गाईपुढे टाकणे नसते. आमच्या घरातली लहान मुले कुंडीला गमला म्हणतात. मी त्यांना टोकत नाही. ती जिथे शिकतात आणि खेळतात तिथे गमलाच असतो. पण पोगा, पालवी, रातांबा, सोल हे शब्द त्यांच्या तोंडी आहेत, कारण त्या वस्तूंना त्यांनी पाणी घातले आहे. व्याख्याने देऊन शब्द टिकल्याचे मी पाहिले नाही; शब्द टिकतो तो वस्तूला हात लागत राहिला तर.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचे उदाहरण सांगतो. त्यांचा वाडा भाऊबंदांनी मिळून विकायला काढला तेव्हा परसातला सासऱ्यांच्या हातचा फणस जाणार हे ठरलेच होते. फणस काही कुंडीत राहणारे झाड नाही. त्या वर्षीच्या शेवटच्या फळाच्या आठळ्या काकूंनी धुऊन त्याच आठवड्यात पेरल्या. कारण आठळी वाळली की महिन्याभरात तिची उगवण जाते. फणसाचे सोटमूळ दुखावले तर रोप रुसते, म्हणून उथळ कुंड्या न घेता त्यांनी रुंद नळाचे हातभर तुकडे उभे करून त्यांत माती भरली. पाच रोपे आली. एक थंडी त्यांनी ती जिन्याच्या खोलीत काढवली, आणि पुढच्या पावसाळ्यात डबऱ्याकडच्या भाच्याच्या शेतात, विहिरीच्या आडोशाला लावली. त्यांतली तीन जगली आहेत. मूळ झाड काप्याचे होते. पण आठळीपासूनचे झाड आईच्या वळणावर जाईलच असे नसते, आणि फळ धरायला अजून काही वर्षे आहेत. काकूंचे वय अठ्ठ्याहत्तर. "कापा निघो की बरका," त्या म्हणाल्या, "घरचा म्हणून कोणी तरी फोडेल ना?"

कुंडीचा हा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो. काही झाडांचे ती कायमचे घर होते, आणि काहींना ती एका परसातून दुसऱ्या परसात जाईपर्यंत सांभाळते. दोन्ही कामे मोलाची आहेत. ज्यांच्या घरी अजून परस आहे आणि ते जाणार असे दिसत आहे, त्यांनी कागदावर सह्या होण्याआधी तिथल्या झाडांची बी, कलमे, कंद जे शक्य असेल ते काढून घ्यावे. नंतर वेळ मिळत नाही. आणि ज्यांच्याकडे नुसती गच्ची आहे त्यांनी येत्या आषाढात एक अननसाचा शेंडा लावावा. फळ मुठीपेक्षा फार मोठे येणार नाही. ते चिरताना मात्र घरातल्या सगळ्या मुलांना भोवती बसवावे, आणि त्या फळाला मराठीत नाव घेऊन हाक मारावी.