गाडी तीनवर चालतेय

सकाळी ६

गॅरेज उघडायची वेळ नऊची. पण मिसिंगची, म्हणजे एखादा सिलेंडर पेटत नसलेली, गाडी असली की मी सहाला शटर वर करतो. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या दोन मिनिटांत जे सांगतं, ते एकदा गरम झालं की दिवसभर सांगत नाही. म्हणून अण्णांना काल संध्याकाळीच बजावलं होतं, गाडी इथंच लावा आणि सकाळी माझ्याआधी कुणी सेल्फला हात लावायचा नाही.

अण्णा ओतूरकडचे. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटानं कल्याणला टाकतात. पिकअप जुनी, दीड टनाची. यांत्रिक डिझेल पंप, अंगावर एकही सेन्सर नाही. तक्रार अशी की सकाळी गाडी थरथरते, धूर टाकते, घाटात दम धरत नाही. कुणीतरी त्यांना सांगितलंय, इंजिन उतरवावं लागेल. ऐन हंगामात इंजिन उतरवायचं म्हणजे गाडी पंधरा दिवस उभी.

बॉनेटखाली हात लावून इंजिन खरंच थंड असल्याची खात्री केली. सेल्फ मारला. इंजिनानं उचललं, पण धडधडत. केबिनमधला आरसा इतका हलला की त्यात मागचं काही दिसेना. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला आणि डोळे चुरचुरले. हे चुरचुरणं महत्त्वाचं. रेडिएटरचं पाणी जळत असेल तर धूर पांढराच असतो, पण त्याला गोडसर वास येतो आणि डोळ्याला असा झोंबत नाही. झोंबला म्हणजे न जळलेलं डिझेल.

मग सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरला. गाडी थरथरते म्हणजे मिसिंगच, असं नसतं. इंजिन माउंटिंगचं रबर फाटलं तरी केबिन अशीच हलते, पण तेव्हा हाताला बसणाऱ्या फुंकरी सारख्या लागतात. इथं मधूनमधून एक फुंकर गळत होती. ७५० आरपीएमला चार सिलेंडरचं इंजिन सेकंदाला २५ वेळा पेटतं. त्यातला एक सिलेंडर गप्प असेल तर सेकंदाला सहा जागा रिकाम्या पडतात, आणि सहा जागा कान सहज पकडतो. रेस दिली की फ्लायव्हीलचा जोर ही खोट झाकून टाकतो. म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, ‘पळताना ठीक आहे हो, उभी राहिली की थरथरते.’

सकाळी ६.२०

टेंपरेचर गन. कोविडात लोकांच्या कपाळावर धरायचे, तिची थोरली बहीण. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला जिथं एकेक सिलेंडर जोडलेला असतो, तिथं धरायची. पहिला, दुसरा आणि चौथा शंभरीच्या आसपास, तिसरा साठीतच. पूर्वी गन नव्हती तेव्हा आम्ही पाण्याचे थेंब उडवायचो. ज्या जागेवरचं पाणी शेवटी वाळतं तो सिलेंडर आळशी. तीही रीत चांगली. बॅटरी लागत नाही.

आता खातरजमा. सतराचा पाना, डोळ्यांवर गॉगल, हातात फडकं. आयडलला चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा ढिला करायचा. डिझेल बाहेर सांडतं, तो सिलेंडर कट होतो. चालता सिलेंडर कट केला तर इंजिन लगेच पडतं. पहिला ढिला केला, पडलं. दुसरा, पडलं. चौथा, पडलं. तिसरा ढिला केला आणि आवाजात काडीचा फरक नाही. म्हणजे गाडी तीनवर चालतेय आणि तिसरा नुसता ओझ्याला आहे.

इथवर रुपयाचं सामान लागलं नाही. पण या वीस मिनिटांचे पैसे मागितले तर लोक चमकतात. नवा पार्ट दाखवला की मुकाट देतात.

सकाळी ८

चहा आणि अण्णा एकदमच आले. ‘उतरवायचं का इंजिन?’ हाच पहिला प्रश्न.

‘थांबा अण्णा, अजून बॉनेटच उघडलंय.’

बोलता बोलता कळलं की पावसाळ्याच्या तोंडावर दुसरीकडे चारही नोझल नवे बसवले होते. ‘म्हणजे नोझल तर नवे आहेत. राहिलं काय? इंजिनच ना?’ हिशोब वरवर बरोबर वाटतो. पण नवा पार्ट चांगला असतोच, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात महागडी समजूत आहे.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि भोकावर उलटं ठेवलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर आतल्या हवेच्या दाबानं ते नाचतं, कधी उडून पडतं. आमचं झाकण किंचित हललं आणि बसून राहिलं. एवढ्या वयाच्या इंजिनाला एवढं चालतं. मग इंजिन बंद करून, ऑइल खाली उतरू देऊन, डिपस्टिक काढली. ऑइल खुणेच्या वर! जुनी गाडी ऑइल खाते, हिचं वाढलंय. बोटांत चोळलं तर पातळ, वास डिझेलचा. तिसऱ्यातलं न जळलेलं डिझेल भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळत होतं. अशा ऑइलवर गाडी भरून घाट चढवली तर बेअरिंग जातील, आणि मग मात्र इंजिन खरंच उतरवावं लागेल.

डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरल्याचा संशय हाताखालच्या पोरानं काढला. पोरगा आयटीआयला डिझेल मेकॅनिक करून आलाय, डोकं चालवतो. पण हवा सगळ्यांच्या वाटेवर येते. रोज नेमकी तिसऱ्यालाच जाऊन बसायची नाही. एकच सिलेंडर ठरलेला असेल तर दोष त्याच्या एकट्याच्या सामानात शोधायचा: त्याचं नोझल, त्याची व्हॉल्व्हं, त्याचं कॉम्प्रेशन, फार तर पंपातला त्याचा वाटा.

सकाळी ९.३०

मध्येच सीएनजीची छोटी मालगाडी. पेट्रोलवर ठणठणीत, गॅसवर मिसिंग. हे सोपं. सीएनजीचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थकलेले प्लग आणि कॉइल आधी गॅसवर उघडे पडतात. प्लग काढले, इलेक्ट्रोड झिजून फट रुंद झालेली. चार प्लग बदलले, तासाभरात गाडी गेली.

प्लगवरून आठवलं. पोरगा खोडदचा, तिथल्या जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणीच्या सावलीत वाढलेला. तीस डिश, एकेक ४५ मीटर व्यासाची. त्याला म्हटलं, अमेरिकेत ग्रीन बँक नावाच्या गावी अशीच दुर्बीण आहे, तिच्याजवळ फक्त डिझेलच्या गाड्या नेतात. का, सांग. त्याला क्षणभर लागला, पण आलं उत्तर: प्लगची ठिणगी उडाली की रेडिओ लहरी निघतात, डिझेलला प्लगच नाही. डिझेल नुसत्या दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं पेटतं. म्हणूनच कॉम्प्रेशन कमी पडलं किंवा फवारा बिघडला की ते पेटत नाही, तिसरी भानगड फारशी नसते.

सकाळी ११

तिसरं नोझल होल्डरसकट बाहेर काढलं. खाली तांब्याचा वायसर होता, बरोबर. टॉर्च मारून भोकात पाहिलं तर आणखी एक वायसर. जुना तळाशी चिकटून राहिलेला आणि नवा त्याच्यावरच बसवलेला! कडेनं काळ्या काजळीचा ओघळ. पोरगा खूश, ‘सापडलं उस्ताद!’

सापडलं खरं, पण मी खूश नव्हतो. दोन वायसरांमुळे नोझल वर राहतं, फवारा पिस्टनच्या खळग्यात नेमका पडत नाही, कॉम्प्रेशनही थोडं निसटतं. चूक आहेच. पण डिपस्टिकवर दिसलं तेवढं डिझेल एका वायसराच्या उंचीनं वाढतं, हे मला पटेना. तार वाकवून जुना वायसर काढला, बसायची जागा साफ केली आणि चारही जागी नवे वायसर घातले. मग तिसऱ्याचं नोझल दुसऱ्याला लावलं आणि दुसऱ्याचं तिसऱ्याला.

या अदलाबदलीत सगळा खेळ आहे. मिसिंग तिसऱ्यालाच राहिलं तर दोष व्हॉल्व्हचा, कॉम्प्रेशनचा नाहीतर पंपाचा. दुसऱ्यावर सरकलं तर नोझलचा. साफ गेलं तर वायसरचा, किंवा नोझल नीट घट्ट बसलं नव्हतं म्हणायचं.

हँड प्रायमर मारून हवा काढली, सेल्फ मारला. पुन्हा तीच धडधड. नट ढिले करत गेलो: तिसरा कट केला, इंजिन पडलं. दुसरा कट केला, ढिम्म.

मिसिंग नोझलबरोबर चालत गेलं होतं. अण्णांना म्हटलं, ‘इंजिन उतरवायचं नाही.’ ते काही बोलले नाहीत, नुसते जाऊन चहा सांगून आले.

दुपारी २.३०

जेवण उरकून चारही नोझल घेऊन आळेफाट्याला, पंप-नोझलवाल्याकडे. त्याच्या टेस्टरवर नोझल चढवायचं आणि हातानं दांडा मारायचा. काटा वर चढतो, ठरलेल्या दाबाला नोझल उघडतं. या जातीच्या नोझलना साधारण २०० ते २५० बार लागतात. उघडताना चांगलं नोझल कर्रकर्र बोलतं आणि भोकाभोकातून धुकं सोडतं. त्या धुक्यासमोर बोट धरायचं नाही. एवढ्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं, वर टाचणीएवढी खूण आणि आत हात सडायची वेळ.

तीन नोझल बोलले. आमच्या गुन्हेगाराचा काटा दीडशेवरच अडखळला. फवाऱ्याऐवजी एका बाजूनं धार, आणि दाब सोडल्यावरही टोकाशी थेंब जमून टपटपत राहिला. थंड सिलेंडरमध्ये धार पेटत नाही. गरम झाल्यावर थोडी पेटते, म्हणून दुपारी गाडी बरी वाटायची.

होल्डर खोलला. नोझलची सुई डिझेलमध्ये बुडवून अर्धीअधिक बाहेर ओढायची आणि सोडायची. ती आपल्या वजनानं खाली सरकत गेली पाहिजे. ही मध्येच थांबली. बोटानं ढकलल्यावर गेली. उजेडात धरली तर चकचकीत अंगावर तपकिरी डाग. सुई आणि तिचं घर यांच्यात दोन-चार मायक्रॉनची फट असते, डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. एवढ्याशा जागेत गंजाचा डाग म्हणजे दरवाजा अडकलाच. सुई-घराची जोडी एकत्रच घासून तयार केलेली असते, म्हणून बदलायची तर जोडीच. नवं नोझल टाकलं, शिम घालून दाब बाकीच्या तिघांशी जुळवून घेतला.

पण गंज हे उत्तर झालं नाही, प्रश्न झाला. डिझेलनं गंज चढत नाही, पाण्यानं चढतो.

दुपारी ४.३०

परत आलो तर आणखी एक पिकअप थरथरत उभी. ही अलीकडची, कॉमन रेलची. सकाळचा धडा ताजा, पोरगा सतराचा पाना घेऊन बॉनेटमध्ये वाकलेला. असा ओरडलो की शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला. कॉमन रेलमध्ये आयडललासुद्धा शेकडो बार असतात, रेस दिली की हजाराच्या वर. तिथं चालू इंजिनावर नट ढिला करायचा नाही, म्हणजे नाहीच. तिला स्कॅनर लावायचा. कॉम्प्युटर कुठल्या सिलेंडरला जास्त डिझेल पाजून सांभाळून घेतोय ते आकड्यात दिसतं. नंतर चारही इंजेक्टरच्या रिटर्नला चार बाटल्या लावायच्या, ज्याची बाटली आधी भरेल तो इंजेक्टर गळका. तिचं काम उद्यावर ठेवलं.

संध्याकाळी ५.३०

अण्णांच्या गाडीचा डिझेल फिल्टर. खालचा नट सैल करून काचेच्या बरणीत धरलं. आधी पाणी आलं, तांबूस, चांगलं चार बोटं. मग डिझेल. फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं म्हणूनच तो नट दिलेला असतो, पण कित्येक गाड्यांचा तो नट कंपनीतून निघाल्यापासून फिरलेलाच नसतो. अण्णांच्या गाडीचा गंजून गेला होता, त्यावरून काय ते समजा.

टाकी उतरवून धुतली, फिल्टर नवा, ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे, नोझल चढवले, हवा काढली. तोवर इंजिन पुरतं गार झालं होतं. सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात चारही सिलेंडर. केबिनच्या आरशात मागचा रस्ता दिसत होता. सायलेन्सरला तळवा धरून अण्णांनाही धरायला लावला. गन फिरवली, चारही जागा पाच-सात अंशांच्या आत.

‘डिझेल कुठं भरता?’ मी विचारलं.

‘पंपावर. पण हंगामात ड्रम भरून ठेवतो शेडला. रात्री-अपरात्री निघायचं असतं.’

‘ड्रम उभा? उघड्यावर?’

‘उभाच. पण झाकण एकदम टाइट असतं.’

टाइट असून भागत नाही. उभ्या ड्रमच्या डोक्यावर काठाच्या आत पावसाचं पाणी साचतं. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा फुगून आट्यांतून बाहेर जाते. रात्री गार पडला की तो तीच हवा परत आत ओढतो, आणि आट्यांवर पाणी उभं असेल तर हवेऐवजी पाणी. रोज थोडं थोडं. जून-जुलैभर हेच चाललं असणार. जुने नोझलही आधीच्या पावसाळ्यातल्या अशाच पाण्यानं गेले असतील. नवे बसवणाऱ्यानं फिल्टरचा नट फिरवून पाहिला असता तर अण्णांचा दुसरा खर्च वाचला असता.

अण्णांना सांगितलं, ड्रम शेडच्या आत घ्या, आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत मध्यावर येतील असा, म्हणजे ड्रम भरलेला असताना ती आतून डिझेलखाली राहतात आणि बाहेर पाणी साचायला जागा राहत नाही. आठवड्याला फिल्टरचा नट सोडून दोन घोट खाली जाऊ द्या.

बिलाचा कागद त्यांनी दोनदा वाचला. टोमॅटो सध्या बेताचा. २०२३ च्या जुलैत क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता, तेव्हा याच अण्णांनी बिल न पाहता पैसे दिले होते. आज नोझल, फिल्टर, ऑइल, मजुरी, एकेका ओळीवर बोट थांबलं. इंजिन उतरवण्याच्या आकड्याशी तुलना केल्यावर बोट पुढं सरकलं.

‘मग आता ड्रममध्ये आहे त्याचं काय करू?’

‘दोन दिवस हलवू नका. वरचं वरचं काढून गाळून वापरा. तळाचं दहा लिटर सोडून द्या.’

‘दहा? अहो, नऊशे रुपये झाले की!’

‘नोझल केवढ्याला पडलं?’

अण्णांनी कागद घडी करून खिशात घातला, गाडीत बसले, सेल्फ मारला आणि खिडकीतून म्हणाले, ‘पाच सोडतो.’