दाखला आणि अंतःकरणाची मशागत

येशूच्या बोधकथांसाठी मराठी ख्रिस्ती वाङ्मयात 'दाखला' हा शब्द रूढ आहे. मराठीतील दृष्टान्ताची परंपरा मात्र ख्रिस्ती लेखनापेक्षा कितीतरी जुनी आहे. केशिराजबासांच्या 'दृष्टान्तपाठा'त चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशा क्रमाने येतात. तेथे सिद्धान्त आधी सांगितला जातो, दृष्टान्त तो विशद करतो आणि दार्ष्टान्तिक त्याची संगती लावून देते. शुभवर्तमानांतील दाखल्यांत हा क्रम बहुधा उलटा असतो. कथा आधी येते. सिद्धान्त एक तर मागाहून येतो किंवा श्रोत्यावरच सोपविला जातो. हा भेद केवळ रचनेचा नाही. सत्य स्वीकारण्यास मन कसे सिद्ध होते, याविषयीची एक विशिष्ट धारणा त्यामागे आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील शिमोनाचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. एका पापी स्त्रीला येशूने जवळ येऊ दिले, म्हणून यजमान शिमोन मनातल्या मनात त्याला दोष देतो. येशू त्याचे खंडन करीत नाही. एकाचे पाचशे आणि दुसऱ्याचे पन्नास असे कर्ज असलेले दोन ऋणको, आणि दोघांनाही कर्ज माफ करणारा सावकार, एवढीच कथा तो सांगतो आणि अधिक प्रेम कोण करील, असे विचारतो. शिमोन योग्य उत्तर देतो आणि त्या उत्तरातच स्वतः सापडतो. कथा परक्याची आहे असे वाटल्यामुळे मन सावध राहत नाही. निर्णय देऊन झाल्यावर तो आपल्यालाच लागू आहे, हे उमगते. दाखला अंतःकरणाची मशागत करतो तो असा.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात मशागतीचा हा प्रश्न अधिक बिकट होतो. बी एकच, पेरणाराही एकच. परंतु वाट, खडकाळ जमीन, काटेरी झुडपे आणि चांगली जमीन अशा चार ठिकाणी ते पडते. पीक येते ते शेवटच्या ठिकाणीच. मग जमिनीचा कस जन्मतःच ठरलेला असतो काय? बाहेरच्यांना सर्व काही दाखल्यांतूनच सांगितले जाते, त्यामुळे ते पाहूनही उमजत नाहीत, या मार्काच्या कठोर विधानाने या शंकेला बळ मिळते. अधिकारभेदाची कल्पना परिचित असलेल्या मराठी वाचकास तर हा निष्कर्ष सहज पटण्याजोगा आहे.

सोलापूरच्या कोरडवाहू शेतीचा अनुभव येथे उपयोगी पडतो. रब्बी ज्वारीच्या रानात पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालतात, हरळी-कुंदा काढतात आणि पडलेला पाऊस जमिनीत मुरवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाभरीने पेरलेले पीक पुढे मुख्यतः या साठलेल्या ओलीवर वाढते. मशागतीने मातीची जात बदलत नाही, पण माती ओल धरू लागते. अशा शेतकऱ्याला वाटेवर आणि खडकावर बी सांडणारा पेरणारा उधळ्याच वाटेल. दाखल्याचा आग्रह मात्र नेमका येथेच आहे: बी देताना पेरणारा जमिनीची निवड करीत नाही.

प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये आधी बी फोकून मग नांगरट करीत असत, असे मत योआखिम जेरेमियास या जर्मन अभ्यासकाने मांडले. ते सर्वमान्य झालेले नाही. तथापि पेरणीच्या वेळी टणक असलेली वाट कायम टणकच राहील असे नाही, ही शक्यता त्याने पुढे आणली. पडीक जमीन नांगरा, काट्यांत पेरू नका, असे आवाहन यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातही आहे. जमीन बदलणारच नसती, तर अशा आवाहनाला अर्थ उरला नसता.

निर्णायक तपशील मार्काच्या त्याच चौथ्या अध्यायात आहे. दाखला शिष्यांनाही उमगलेला नसतो, आणि येशू त्यांना त्याबद्दल बोलही लावतो. गर्दी आणि शिष्य यांच्यातील भेद आधीच्या आकलनाचा नाही. शिष्य मागे थांबून अर्थ विचारतात, एवढाच आहे. म्हणजे अधिकार ही दाखला ऐकण्यापूर्वीची अट नसून ऐकल्यानंतर घडणारी क्रिया आहे. 'दृष्टान्तपाठा'त दार्ष्टान्तिक जे कार्य करते, ते येथे श्रोत्याच्या प्रश्नावर अवलंबून राहते. न समजल्याची कबुली देऊन विचारणे, हीच दाखल्याला अभिप्रेत असलेली अंतःकरणाची नांगरट होय.