स्टुटगार्टचं पत्र : शाळेतला एक आठवडा, शाळेबाहेर

स्टुटगार्ट, जर्मनी

दहावीचा निकाल जवळ आला की श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टी गावाहून येणारे फोन वाढतात. पोराला सायन्सला घालू, डिप्लोमाला की आयटीआयला? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने इथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ‘जर्मनीला पाठवू का?’ हाही प्रश्न येतो. म्हणून इथली मुलं आपली वाट कशी शोधतात, ते लिहितो.

या राज्याच्या २०१६ च्या अभ्यासक्रमात अर्थव्यवहार आणि व्यवसायनिवड असा स्वतंत्र विषय आहे. बहुतेक शाळांत तो सातवीपासून शिकवतात, विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये आठवीपासून. पण या विषयाचा जीव पुस्तकाबाहेर आहे. पुढच्या एक-दोन वर्षांत मुलांनी निदान एक आठवडा खऱ्या कामाच्या जागी घालवायचा असतो. त्याला ‘प्राक्टिकुम’ म्हणतात. जागा शोधणं, अर्ज लिहिणं, नकार आला तर दुसरं दार ठोठावणं, हे मुलांनीच करायचं. शाळकरी मुलांना दिवसाला ७ आणि आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, असा कायदा आहे.

आमच्या गल्लीतल्या सायकलच्या दुकानात अशीच एक पंधरा वर्षांची मुलगी आली होती. सुरुवातीला तिने नुसत्या साखळ्या पुसल्या. मग मालकाने तिच्या हातात वाकडं झालेलं चाक दिलं. ते स्टँडवर फिरवायचं, कुठे घासतं ते पाहायचं, एका बाजूचे आरे पाव फेरा आवळायचे, दुसऱ्या बाजूचे तेवढेच सैल करायचे आणि पुन्हा फिरवायचं. दुपारपर्यंत खटपट करून तिने चाकाचा आऊट काढला. शाळेसाठी लिहिलेल्या अहवालात तिने नोंदवलं, की हाताचं काम आवडलं, गिऱ्हाइकाशी बोलणं जड गेलं. स्वतःबद्दलची ही माहिती कुठल्याही कलचाचणीच्या कागदावर मिळत नाही.

पुढे बरीच मुलं ‘आउसबिल्डुंग’कडे, म्हणजे व्यवसाय-प्रशिक्षणाकडे, वळतात. त्यात तीनशेहून अधिक मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत आणि मुदत साधारण दोन ते साडेतीन वर्षांची असते. आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जायचं, बाकीचे दिवस कंपनीत, तेही पैसे घेऊन. २०२५ मध्ये सुरू झालेल्या अशा प्रशिक्षणात पहिल्या वर्षी महिन्याला किमान ६८२ युरो द्यावेत, असा नियम आहे. चांगला इलेक्ट्रिशियन इथे मान वर करून जगतो.

मात्र इथलं सगळंच उचलण्यासारखं नाही. चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षीच, मुलांच्या शाळा वेगळ्या होतात आणि शिकलेल्या घरातली मुलंच गिम्नाझियमला जास्त पोचतात. एवढ्या लहान वयात केलेली वाटणी मला अन्यायाची वाटते.

पण प्राक्टिकुम उचलण्यासारखं आहे, आणि तशी गोष्ट आपल्याला परकीही नाही. श्रीगोंद्याशेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे घडलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्न आणि आरोग्य ही कामं हाताने करतात, गावाला लागणाऱ्या वस्तू बनवून देतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत घालवायला सांगितले आहेत.

काष्टीला कामाच्या जागांची वानवा नाही. शनिवारचा जनावरांचा बाजार, कांद्या-लिंबाची आडत, ट्रॅक्टरची गॅरेजं, जनावरांचा दवाखाना, बँक, तालुक्यातले साखर कारखाने, जवळच दौंडचं रेल्वे जंक्शन. वेळापत्रकात त्यांना जागा तेवढी नाही.

म्हणून गावातल्या मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती आहे. दिवाळीनंतरचा एक आठवडा नववीच्या मुलामुलींना द्या, आणि त्यांनी लिहिलेला अहवाल वर्गात वाचून घ्या. गॅरेजवाल्यांनी, आडत्यांनी, डॉक्टरांनी दोन-दोन मुलं सांभाळायची तयारी दाखवावी. आणि पालकांनो, गॅरेजमध्ये जायचं म्हणणाऱ्या मुलीला अडवू नका.