घरचें गाणें आणि संगणकाची पेटी

वसई, नालासोपारा, विरार या बाजूच्या जुन्या घरांतून एक तरी कपाट असें आढळतें कीं, ज्यांत त्या कुटुंबाचें सारें गाणें निजलेलें असतें. तळाशीं आजोबांच्या वेळच्या ७८ वेगाच्या तबकड्या, त्यांवर लाँगप्ले, मग १९८० च्या सुमाराच्या कॅसेटी, आणि सर्वांत पुढें सीडींचे डबे. ऐकण्याचें काम मात्र हल्लीं मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर चालतें. हें कपाट पुन्हां बोलतें व्हावें, आणि तेंही चांगल्या आवाजांत, याची घरच्या घरीं करतां येण्याजोगी एक सोय आज झाली आहे. तिच्याविषयीं वाचकांशीं थोडें बोलावें असें आम्हांस वाटतें.

‘म्यूझिक सर्व्हर’ हें नांव भारदस्त असलें तरी वस्तु साधी आहे. एक लहानसा संगणक अष्टौप्रहर चालू ठेवावयाचा. त्याच्या डिस्कवर घरांतील सर्व संगीत सांठवावयाचें. मग घरांतील कोणींही आपल्या मोबाईलवरून हवें तें निवडावें आणि दिवाणखान्यांत किंवा आजीच्या खोलींत तें वाजावें. २०१२ सालीं निघालेला, पत्त्यांच्या डबीएवढा ‘रास्पबेरी पाय’ या कामास पुरतो. अडगळींतला जुना लॅपटॉपही चालतो. ‘लिरियन म्यूझिक सर्व्हर’ सारखी आज्ञावली विनामूल्य मिळते. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर एक फेरी मारली म्हणजे बाकीचें सामान हातीं येतें.

येथें एका गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. संगणक जितका महाग, तारा जितक्या जाड, तितका स्वर गोड, अशी समजूत या छंदाच्या बाजारांत जोपासली जाते. आम्हांस ती मान्य नाहीं. संगणक वाहून नेतो ते केवळ अंक. पोस्टमनने जरीची पिशवी वापरली म्हणून पत्रांतील मजकूर सुधारत नाहीं! आवाजाचा बरावाईटपणा ठरतो तो दोन टोकांना: ध्वनीचे अंक बनतात तेथें, आणि त्या अंकांचा पुन्हां ध्वनि होतो तेथें. खर्च व श्रम करावयाचे ते या दोन टोकांवर.

पहिलें टोक आधीं पाहूं. सीडीवर दर सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घेऊन तें १६ बिटांत नोंदलेलें असतें. मनुष्याचा कान फार तर सेकंदास २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो; त्याच्या दुपटीहून ही मोजणी अधिक असल्यामुळें ऐकूं येण्यासारखें कांहीं सुटत नाहीं. परंतु मिनिटास सुमारें १० एम.बी. जागा खर्चते. ती वांचविण्यासाठीं एम.पी.थ्री पद्धतींत, कानास जाणवणार नाहीं असें मानलेला भाग गाळून टाकतात. काटकसर फार केली म्हणजे तंबोऱ्याच्या जवारींतून निघणारे सूक्ष्म स्वर धूसर होतात, आणि आपल्या गायनाची बैठकच त्यांवर उभी! २००१ पासूनची ‘फ्लॅक’ पद्धति मात्र कांहींही न गाळतां साधारण निम्म्या जागेंत काम भागवते. दोन टी.बी.च्या डिस्कवर अशा संगीताचे पांच हजारांहून अधिक तास मावतात. तेव्हां सीडींच्या प्रती फ्लॅकमध्यें घ्याव्या आणि आज्ञावलींत ‘गॅपलेस’ची सोय सुरू ठेवावी, म्हणजे सीडीवर विलंबित व द्रुत यांचे दोन तुकडे केलेले असले तरी मध्यें खंड पडत नाहीं.

सीडींचें काम फावल्या वेळांत होऊं शकेल. कॅसेटींना मात्र तेवढी सवड नाहीं. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि चार महिने पाऊस. या दमट हवेंत फितीवर पांढरी बुरशी धरते. जुलै २०१८ च्या पुरांत वसई-विरारच्या कित्येक वस्त्यांत पाणी शिरलें व वीजही बंद पडली. अशा वेळीं खालच्या फळीवरील वस्तूंचें काय होतें तें येथील गृहिणींस सांगावयास नको. बाजारांत निघालेली कॅसेट गेली तर दुसरी मिळेल. पण मुंजीच्या दिवशीं आत्याबाईंनीं म्हटलेलें पद, आजोबांचा रियाज, हें जगांत एकाच फितीवर असतें. १९७७ सालीं अंतराळांत गेलेल्या व्हॉयेजर यानांवर केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर सुखरूप प्रवास करीत आहे. आपल्या आत्याबाईंना तें भाग्य कोठलें?

म्हणून आरंभ घरगुती कॅसेटींपासून करावा. वाजविण्याच्या यंत्राचें हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावें. फीत प्रथम एकदां शेवटपर्यंत पुढें नेऊन मागें आणावी. यंत्राचा पट्टा सैल असेल तर गाणें मंद होऊन स्वर खालीं येतो. काळी एकमध्यें गाणारे काका पांढरी एकवर उतरलेले दिसले तर दोष काकांचा नसून पट्ट्याचा, असें समजावें! हेडशेजारचा लहान स्क्रू किंचित् फिरविल्यास दबलेला आवाज मोकळा होतो. नोंद २४ बिटांत करावी आणि खरखर काढण्याचा मोह आवरावा. खरखरीबरोबर जवारीही जाते. सफाई करावयाचीच तर मूळ नोंद अलग राखून करावी. ७८ च्या तबकड्यांस लाँगप्लेची बारीक सुई चालत नाहीं, अधिक रुंद सुई लागते. हीं कामें आम्ही तरी जाणकाराकडून करवून घेऊं.

दुसरें काम नांवांचें. या आज्ञावली पाश्चात्त्यांच्या सोयीनें केलेल्या असल्यामुळें ‘आल्बम’ विचारतात. आपल्याला हवा असतो राग, गायक, साथीदार, प्रसंग. तें सारें देवनागरींत लिहितां येतें. कॅसेटीवर बहुधा नुसतें ‘घर, २’ असें लिहिलेलें असतें. तो आवाज कोणाचा हें सांगणारें माणूस घरांत एखादेंच उरलेलें असतें. नातवंडांनीं संगणक उघडून त्यांच्या शेजारींच बसावें आणि तीं सांगतील तसें टिपून घ्यावें.

दुसऱ्या टोकाविषयीं थोडक्यांत. अंकांचे विद्युत्-तरंग करणारा ‘डॅक’ आज मध्यम किंमतीचाही उत्तम मिळतो. उरलेला पैसा स्पीकरांवर घालावा. लाद्यांची जमीन व उघड्या भिंती यांनीं आवाज घुमतो. तेथें एक जाड सतरंजी आणि पुस्तकांचें कपाट महागड्या तारांहून अधिक उपकार करतात. स्पीकर कोपऱ्यांत कोंबूं नयेत.

वीज एकाएकीं गेल्यास संगणकाच्या कार्डावरील मजकूर बिघडतो. पेटी इन्व्हर्टरवर ठेवावी. डिस्कही केव्हां तरी मरतेच. सर्व संगीताची दुसरी प्रत घरांत उंच जागीं ठेवावी, आणि तिसरी परगांवीं, पुण्यास किंवा नाशकास लेकीच्या घरीं असावी. दिवाळीस मंडळी जमतील तेव्हां तिनें ती बरोबर आणावी व वर्षाची नवी भर घालून परत न्यावी.