रूनशिळा: मृतांचें स्मरण, जिवंतांची साक्ष

मनुष्य गेला तरी त्याचें नांव मागें राहावें, ही इच्छा सर्व देशांत सारखीच. परंतु तें नांव कोणी राखावें व कसें राखावें, याच्या रीती निराळ्या. युरोपच्या उत्तरेस 'रून' या प्राचीन लिपींत कोरलेल्या ज्या स्मारकशिळा आढळतात, त्यांची ओळख करून घेणें वाचकांस उद्बोधक होईल असें आम्हांस वाटतें.

या शिळांचें माहेर म्हणजे स्वीडन. तेथें अडीच हजारांहून अधिक रूनशिळा आहेत व त्यांपैकीं हजारांवर एकट्या उपलांद प्रांतांत आहेत. बहुतेक अकराव्या शतकांतल्या, म्हणजे त्या देशांत ख्रिस्ती धर्म रुजत होता त्या काळच्या. डेन्मार्कांतील येलिंग येथें राजा हाराल्ड यानें सुमारें ९६५ सालीं आपल्या आईबापांच्या स्मरणार्थ भव्य शिळा उभारली. परंतु पुढें ही प्रथा राजांपुरती न राहतां जमीनदार शेतकऱ्यांच्या घराण्यांत शिरली.

लेखाचा सांचा ठराविक असे. प्रथम शिळा उभारणाराचें नांव, मग मृताचें, आणि त्या दोघांचें नातें. म्हणजे मृताच्या आधीं जिवंतांची ओळख! शिळाही पुष्कळदां थडग्यावर नसून हमरस्त्याच्या कडेला किंवा पुलापाशीं असे. कारण येणाऱ्याजाणाऱ्यानें ती वाचावी हाच हेतु. तेबी गांवच्या यार्लाबांके नांवाच्या गृहस्थानें तर स्वतःच्या हयातींतच स्वतःच्या स्मरणार्थ शिळा उभारून ठेविल्या.

कोरण्याचें काम सोपें नव्हे. लिपींत अक्षरें अवघीं सोळा. त्यामुळें 'क' आणि 'ग' यांस एकच खूण. अक्षरांची ओळ बहुधा वेटोळें घातलेल्या सर्पाच्या अंगावरून जाते. ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडावर आधीं आकृति रेखून, मग छिन्नी-हातोड्यानें कण कण उडवीत खांच पाडावी लागे; शेवटीं तींत रंग भरीत. आज पांढुरके दिसणारे हे दगड मूळचे रंगीत होते. ओपिर नांवाच्या कारागिराची सही तर चाळीसांहून अधिक शिळांवर आढळते. लैला किट्झलर ओफेल्ट या विदुषींनीं खांचांचीं सूक्ष्म मापें यंत्रानें घेऊन कारागिराचा हात ओळखण्याची पद्धति बसविली आहे. हाताचा ठोका हस्ताक्षरासारखाच ज्याचा त्याचा असतो. आजही या जुन्या पद्धतीनें आप्तांसाठीं शिळा कोरणारे लोक आहेत, यांत नवल नाहीं. प्रत्येक अक्षरास वेळ द्यावा लागतो, आणि त्या वेळांत गेलेल्या माणसाचा सहवास घडतो.

परंतु या शिळांचें खरें मोल आम्हांस हिलेर्ह्योच्या लेखांत दिसतें. मेलारेन सरोवरांतील एका बेटावरच्या खडकावर एका घराण्याची हकीकत कोरलेली आहे. गेर्मुंडनें गेर्लोग नांवाच्या कुमारिकेशीं लग्न केलें. त्यांस मुलगा झाला. पण गेर्मुंड बुडाला आणि पुढें मुलगाही गेला. गेर्लोगनें गुड्रिकशीं लग्न केलें. त्यांच्या मुलांपैकीं इंगा नांवाची एकच मुलगी जगली. तिचें लग्न राग्नफास्टशीं झालें. तो वारला, त्यांचा मुलगा वारला, आणि मुलाचा वारसा आईकडे, म्हणजे इंगाकडे, आला. तिनें एरिकशीं पुनर्विवाह केला. पण तीही वारली, आणि तिचा वारसा तिच्या आईस, गेर्लोगला, मिळाला.

याच इंगानें राग्नफास्टच्या स्मरणार्थ चार शिळा उभारल्या होत्या. आज तिचें नांव त्या शिळांवर आहे आणि या खडकावरही आहे. दोन पति, मुलें व शेवटीं लेक गमावलेल्या मातेच्या हातीं जें राहिलें, तें तिच्या हक्काचें आहे, ही साक्ष त्या खडकानें जवळजवळ एक हजार वर्षें दिली. त्या लेखांत एकही शोकाचा शब्द नाहीं. केवळ कोण कोणाचें कोण, एवढेंच आहे.

हास्मिरा येथील शिळेवर मात्र होल्मग्यॉट नांवाच्या शेतकऱ्यानें पत्नी ओदिनदीसा हिच्या गृहव्यवस्थेची मनःपूर्वक वाखाणणी कोरविली आहे. घरांत रोज होणारें काम दगडावर नोंदविण्याजोगें आहे, हें त्यास उमगलें होतें.

आपल्या मृतांसाठीं काय लिहावें, असा प्रश्न ज्यांस पडतो, त्यांस या शिळा एक साधें उत्तर देतात: गुणवर्णन थोडें चालेल, पण नातें नीट लिहावें. आणि त्यांत घरच्या स्त्रियांचीं नांवें गाळूं नयेत.